गोड तसबिरी

यंदाच्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं मीं कांहीं लिहून द्यावें, अशी संपादक-मंडळाची मागणी आली, त्याच आठवड्यांत आमच्या गुरुवार पेठेंतील जुन्या घराचा माळा आवरण्याचें काम मजकडे आलें. पितळी भांडीं, मोडकी बाजाची पेटी, आजोबांच्या उपदेशांच्या वह्या, अशा पसाऱ्याच्या तळाशीं फडक्यांत गुंडाळलेली एक तसबीर निघाली. माझ्या लहानपणीं ती आमच्या ओटीवर, दाराच्या अगदीं समोर टांगलेली असे. प्रभु येशूची ती तसबीर. खांद्यापर्यंत रुळणारे पिंगट केस, गोरा चेहरा, किंचित् वर लागलेली दृष्टि आणि कपाळावर कोठून तरी पडलेला मधासारखा उजेड. वॉर्नर सालमन नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें हें चित्र १९४० सालीं रंगविलें आणि त्याच्या कोट्यवधि प्रती जगभर खपल्या. त्यांतली एक, कोणत्या मार्गानें कोण जाणे, माझ्या आजीच्या हातीं आली. आजीचा रंग काळा होता, माझाही आहे. गालीलांतील उन्हांत सुतारकाम करणाऱ्या यहुदी माणसाचा रंग कसा असेल, याचा विचार मात्र आमच्या घरांत कोणीं केला नाहीं. तें चित्र पाहिलें कीं मन भरून येई. तेवढें आम्हांस पुरत असे.

मीं ती तसबीर पुसून खिडकींत ठेवली व बराच वेळ तिच्याकडे पाहात बसलों. मन पूर्वीसारखेंच भरून आलें; आणि त्या भरून येण्याचीच मला थोडी भीति वाटली. ती कां वाटली, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

जर्मन भाषेंत 'किच' असा एक शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्युनिक शहरांतील चित्रांच्या बाजारांत, घाईघाईनें रंगविलेल्या आणि लवकर खपणाऱ्या चित्रांस तो लावीत. आतां तो सगळ्या जगाचा झाला आहे. मराठींत त्यास नेमका प्रतिशब्द मला सांपडलेला नाहीं. 'भडक' म्हणावें, तर किच पुष्कळदां अगदीं सौम्य असतें. 'सवंग' म्हणावें, तर तें चांगलें महागही असूं शकतें. त्यांतल्या त्यांत माझ्या आईचा एक शब्द मला जवळचा वाटतो. देवळांतील एखादें भाषण ऐकून सगळ्या बायका डोळे पुशीत बाहेर पडल्या, तरी ही बाई पायरीवर चपला शोधतां शोधतां म्हणे, "गुळमट होतें." ज्यांत कांहीं शोधावें लागत नाहीं, ज्यांत कांहीं टोंचत नाहीं, रडावयाचें कोठें हेंही जें आपणांस आधींच दाखवून ठेवतें, तें गुळमट.

स्वस्त छापील चित्र म्हणजे किच, असा मात्र अर्थ कोणी घेऊं नये. त्या बाबतींत आपण पुणेकरांनीं तरी जपून बोललें पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं याच शहरांत चित्रशाळा छापखाना काढला आणि रामपंचायतन, नाना फडणवीस अशीं रंगीत चित्रें घरोघर नेलीं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला. पुढें प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीस आला, आणि १९०३ सालीं फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानें तो विकत घेतला. त्या छापखान्यांतील लक्ष्मी व सरस्वती अशा घरांतही जाऊन पोंचल्या, कीं ज्या घरांतील माणसांस देवळाची पायरी चढूं देत नसत. आपल्या भिंतीवर आपल्या हातानें खिळा ठोकून आपला देव लावण्याचा अधिकार त्यांस थोड्या पैशांत मिळाला. हें लहान काम नव्हे, आणि त्या चित्रांस नुसतें नाक मुरडणारा सुशिक्षित मनुष्य मला तरी फारसा आवडत नाहीं.

परंतु त्याच मळवलीच्या छापखान्याचें दुसरें एक चित्र आहे. मध्यभागीं गाय, तिच्या सर्वांगांत चौऱ्याऐंशी देवता बसविलेल्या, आणि तिच्यावर तलवार उपसून धांवणारा, मनुष्याचें अंग व पशूचें तोंड असलेला एक राक्षस, त्याला विनवीत उभा असलेला एक सज्जन. गाईवरील माया खरी होती. शेतकऱ्याच्या घरीं तिच्याइतकें मायेचें जनावर दुसरें नाहीं. पण तो राक्षस कोण, हें पाहणाऱ्यास सांगावें लागत नसे. तो आपल्या मनानें त्याला शेजाऱ्याचें तोंड देत असे. गाईच्या प्रश्नावरून १८९३ सालीं उत्तर हिंदुस्थानांत रक्त सांडून गेलें होतें, आणि तें लोकांच्या आठवणींत असतांनाच अशीं चित्रें खपत होतीं. शिळाछापाच्या एकाच कागदावर दया आणि राक्षस दोन्ही उमटले होते. राक्षस वगळून नुसती गाय छापली असती, तर तें एक साधें भक्तीचें चित्र झालें असतें. गाय वगळून नुसता राक्षस छापला असता, तर तो कोणीं विकत घेतला नसता.

आमचा ख्रिस्ती समाज या बाबतींत अधिक शहाणा आहे असें म्हणावयास मला तोंड नाहीं. मी नववीच्या वर्गास इतिहास शिकवितों. दुसऱ्या महायुद्धाचा पाठ आला म्हणजे मी मुलांस एका छायाचित्र-संग्रहाची हकीकत सांगतों. आउश्वित्झ येथील छळछावणीच्या मुख्याधिकाऱ्याचा कार्ल ह्योकर नांवाचा एक सहायक होता. त्याचा खाजगी संग्रह वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट-स्मारक संग्रहालयानें २००७ सालीं लोकांपुढें आणला. त्यांत प्रेतें नाहींत, कुंपणें नाहींत, कैदीही नाहींत. छावणीच्या कचेरींत काम करणाऱ्या तरुण मुली एका लांकडी कठड्यावर ओळीनें बसून वाटींतील जांभळीं फळें खात आहेत. शेजारीं एक शिपाई अकॉर्डियन वाजवीत आहे. फळें संपल्यावर त्यांतील एक मुलगी रिकामी वाटी दाखवून रडण्याचें सोंग करते. हें १९४४ सालच्या उन्हाळ्यांतलें चित्र. त्याच उन्हाळ्यांत हंगेरींतून चार लाखांहून अधिक यहुदी आगगाड्यांनीं त्या छावणींत आणले गेले, आणि त्यांतील बहुतेकांस उतरल्या दिवशींच विषारी वायूनें मारलें. त्याच संग्रहांत १९४४ च्या नाताळचें एक छायाचित्र आहे. ह्योकर नाताळच्या झाडावरील मेणबत्त्या पेटवीत आहे. चेहरा शांत, हात काळजीपूर्वक पुढें केलेला. आमच्या शाळेच्या सभागृहांत दर डिसेंबरांत असेंच झाड उभें राहतें, आणि त्याच्या दिव्यांची व्यवस्था गेलीं बारा वर्षें मजकडे आहे. म्हणून तें छायाचित्र मी वर्गांत दाखवितों खरा, पण त्याच्याकडे पाठ करून उभा राहतों.

एक गंमत अशी कीं, त्याच राजवटीनें १९ मे १९३३ रोजीं राष्ट्रीय चिन्हांच्या संरक्षणाचा एक कायदा केला होता. चॉकलेटांवर आणि खेळण्यांवर स्वस्तिक छापून विकणाऱ्या दुकानदारांस आळा घालणें हा त्याचा हेतु. म्हणजे त्यांस स्वस्त सजावटीची शिसारी होती! दुकानांतलें किच त्यांस दिसलें. आपल्या मनांतलें दिसलें नाहीं.

या गोडपणाचा आणि त्या क्रौर्याचा संबंध काय? जग वाईट आहे म्हणून लोक गोड चित्रें जवळ करतात, एवढेंच उत्तर पुष्कळ वर्षें मला पुरेसें वाटत असे. मिलान कुंदेरा या चेक कादंबरीकारानें १९८४ सालच्या आपल्या एका कादंबरींत दोन अश्रूंची गोष्ट काढली आहे. हिरवळीवर धांवणारीं मुलें पाहून पहिला अश्रु येतो, तो त्या मुलांचा. दुसरा येतो तो आपण किती हळवे आहों या समाधानाचा; आणि किच होतें तें या दुसऱ्यानें. मला त्यापुढें एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, हा दुसरा अश्रु फार मानी असतो. त्याला त्याचें चित्र स्वच्छ हवें असतें. ज्याच्यामुळें चित्र डागाळेल असें त्याला वाटतें, त्या माणसाची त्याला दया येत नाहीं. कारण दया सगळी चित्रावर खर्च झालेली असते. हें मी पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. मी तें आमच्या गल्लींत शिकलों.

२०१८ सालचा जून महिना. शाळा नुकती उघडली होती. वर्गाच्या पालकांसाठीं मोबाइल फोनवर व्हॉट्सॅपचा एक गट असे, आणि वर्गशिक्षक या नात्यानें तो मी चालवीत असें. एके रात्रीं मजकडे एक चित्रफीत आली. गल्लींत मुलें क्रिकेट खेळत आहेत; मोटारसायकलवरून दोघेजण येतात आणि एका चिमुरड्यास उचलून पसार होतात. मजकडे आलेल्या प्रतीस कोणींतरी करुण संगीत जोडलें होतें आणि शेवटीं निजलेल्या बाळाचें एक चित्र घातलें होतें. माझी मुलगी तेव्हां सहा वर्षांची होती व शेजारच्या खोलींत झोंपली होती. माझे डोळे भरून आले. आपल्या चिमण्या पाखरांस जपा, अशा अर्थाच्या दोन ओळी, त्यांपुढें जोडलेल्या हातांचें चिन्ह, आणि ती चित्रफीत मीं साठ-सत्तर पालकांस धाडून दिली. धाडल्यावर मला बरें वाटलें, हें येथें लिहिलेंच पाहिजे. आपण एक चांगला शिक्षक आहों असें वाटून मी झोंपीं गेलों.

ती चित्रफीत कराचीची होती. हरवलेल्या मुलांसाठीं काम करणाऱ्या तेथील एका संस्थेनें लोकांस सावध करण्यासाठीं ती मुद्दाम तयार करविली होती. मुळांत ते दोघे त्या मुलास परत आणून सोडतात आणि सावध राहण्याविषयींचा फलक दाखवितात. तेवढा शेवट कापून ती हिंदुस्थानभर फिरली. हें मला पुढें वर्तमानपत्रांतून कळलें.

चार-पांच दिवसांनीं, सकाळीं दहाच्या सुमारास, गल्लींत गलका झाला म्हणून मी सज्जांत आलों. भगवी कफनी घातलेला, हातांत डौर घेतलेला एक म्हातारा गोसावी दहा-बारा जणांच्या घोळक्यांत उभा होता. हे डवरी गोसावी. भैरवनाथाचीं गाणीं म्हणत दारोदार पीठ आणि जुनें कापड मागत फिरतात. हा तर दरवर्षीं पावसाच्या तोंडीं येई. आम्ही ख्रिस्ती आहों हें ठाऊक असूनही आमच्या दारीं तो तेंच गाणें म्हणे, आणि माझी पत्नी त्याला पीठ घाली. त्या सकाळींही घातलें होतें. मुलांपैकीं एकजण त्याच्याकडे आधार कार्ड मागत होता. दुसऱ्यानें त्याची झोळी रस्त्यावर पालथी केली. पीठ सांडलें, तांदूळ सांडले, आणि त्यांतून एक लहान मुलीचा पिवळा झगा बाहेर आला.

"हा कुणाचा रे?" असें कोणी तरी ओरडलें, आणि म्हाताऱ्याच्या कानशिलांत बसली.

तो झगा माझ्या मुलीचा होता. तिला आंखूड झाला म्हणून तासाभरापूर्वीं माझ्या पत्नीनें तो त्याच्या झोळींत घातला होता. मी तो वरून ओळखला. मला एवढेंच करावयाचें होतें कीं, सज्जांतून ओरडून सांगावें, "अहो, तो आमच्या घरचा आहे." मी ओरडलों नाहीं. भीति वाटली म्हणून नव्हे. भीति वाटली असती तर मीं स्वतःस कधींच क्षमा केली असती. माझ्या मनांत असें आलें कीं, झगा आमचा खरा. पण झोळींत आणखी काय आहे, कोण जाणे! त्या चित्रफितींतलें पोर माझ्या डोळ्यांपुढें होतें, आणि रस्त्यावरचा म्हातारा, ज्याला मी सात वर्षें पाहात होतों, तो दिसेनासा झाला होता. अर्धा मिनिट असेल. तेवढ्यांत त्याला आणखी दोन बसल्या.

कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी हातांतला तराजू तसाच घेऊन त्या घोळक्यांत शिरल्या. "मेल्यांनो, दरसालचा मानूस हाय ह्यो! तुमच्या आज्यानं ह्याला पीठ घातलंय!" त्यांनीं म्हाताऱ्याचा हात धरला, त्याला आपल्या पाटीमागें बसविलें आणि पाणी दिलें. मावशींजवळ असला फोन नव्हता. त्यांनीं ती चित्रफीत पाहिलेली नव्हती. मी खालीं उतरलों तेव्हां लोक पांगूं लागले होते. झगा आमचा असल्याचें मीं तेव्हां सांगितलें. कोणीं ऐकलें, कोणीं नाहीं. म्हाताऱ्यानें ऐकलें. त्यानें झग्यावरचें पीठ झटकलें, त्याची घडी केली आणि तो मजपुढें धरला. मीं तो घेतला.

त्यानंतरचा रविवार म्हणजे १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून गांव आहे. तेथें त्या दिवशीं आठवड्याचा बाजार होता. डवरी गोसावी समाजाचे पांचजण एस.टी.तून उतरले. त्यांतील एकजण एका लहान मुलीशीं बोलला, असें कोणी म्हणालें. मुलें पळविणारी टोळी आली, अशी हांकाटी झाली. जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें आणि तेथेंच ठार होईपर्यंत मारलें. ते सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचे, भिक्षेच्या फेरीवर इतक्या लांब आलेले लोक. त्या भागांत त्या दिवसांत आणखी एक चित्रफीत फिरत होती. तींत ओळीनें निजविलेलीं मेलेलीं मुलें दिसत, आणि टोळीनें यांचीं काळजें काढलीं असें सांगितलें जाई. प्रत्यक्षांत तीं मुलें ऑगस्ट २०१३ मध्यें सीरियांत, दमास्कसजवळच्या घूता भागांत, विषारी वायूनें मेलेलीं होतीं. त्यांच्या आयांचें दुःख पांच वर्षांनीं कोणीं तरी उचललें आणि साक्रीच्या बाजारांत पांच परक्यांच्या अंगावर फेंकलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॅपनें आपल्या देशांत एक निरोप एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां येईल अशी मर्यादा घातली. माझ्या एका निरोपास एकच ठिकाण पुरलें होतें.

ज्यांनीं त्या खोलींत काठ्या उगारल्या, ते सारे निर्दय होते असें मला वाटत नाहीं. त्यांतील पुष्कळांच्या घरीं लेंकरें असतील, आणि त्यांच्या मायेनेंच त्यांचे हात चालले असतील. हें वाक्य लिहितांना मला त्यांचा कैवार घ्यावयाचा नाहीं. मी सज्जांत उभा होतों, तेथूनच तें मला दिसतें, इतकेंच.

मंगळवारीं मी वर्गावर गेलों. फळ्यावर तारीख लिहीत होतों. मागच्या बांकावरील एक मुलगा उठून उभा राहिला. उद्धट नव्हता, अभ्यासांत बेताचा, बोलण्यांत सरळ. त्यानें विचारलें, "सर, राईनपाड्याचा तो व्हिडिओ... आमच्या आईला तसाच एक आला होता. तो तुम्हीच पाठवला होता ना?" वर्ग गप्प झाला. मीं कांहीं तरी उत्तर द्यावयास हवें होतें. मी म्हणालों, "पुस्तकें काढा." मुलांनीं पुस्तकें काढलीं. तो मुलगाही बसला. त्या रात्रीं मीं गटावरील तो निरोप काढून टाकण्याचा यत्न केला, पण तशी मुदत केव्हांच उलटून गेली होती. आणि साठ-सत्तर घरांतून तो कोठें कोठें गेला असेल, याचा हिशेब मला कोण देणार? गटावर दुसरा निरोप लिहून चूक कबूल करावी, असेंही मनांत आलें. दोनदां लिहिला. दोन्ही वेळां तो इतका गोड उतरला कीं, मीं तो खोडून टाकला. मग चार कोरड्या ओळी लिहिल्या: चित्रफीत खोटी होती, ती मीं धाडली, पुढें गेली असल्यास तसें कळवावें. नऊ पालकांनीं अंगठ्याचें चिन्ह धाडलें. वर्गांत त्या मुलास उत्तर देण्याचें तेवढें राहूनच गेलें. पुढें त्याच्या वडिलांची बदली झाली.

आजीची तसबीर मीं पुन्हां माळ्यावर ठेविली नाहीं. ती ओटीवरही लाविली नाहीं. सध्यां ती माझ्या टेबलाच्या बाजूला, भिंतीस टेंकून उभी आहे, आणि पत्नी रोज विचारते कीं, हिची जागा ठरली कां. आजीनें त्या चित्रापुढें गुडघे टेंकून आमच्या आजारपणांत रात्री काढल्या आहेत. तिच्या त्या रात्री गुळमट नव्हत्या. एकाच चित्राचे हे दोन उपयोग मला अजून वेगळे करतां आलेले नाहींत, आणि म्हणून खिळा हातांत घेऊनही ती भिंतीवर चढत नाहीं.

म्हातारा गोसावी पुढल्या पावसाच्या तोंडीं पुन्हां आला. येईल असें मला वाटलें नव्हतें. मी त्या दिवशीं घरींच होतों. डौर ऐकूं आली तसा मी स्वतः दाराशीं गेलों. पत्नीनें पीठ आणलें, आणि मुलीचे आंखूड झालेले दोन झगे धुऊन, घडी घालून, आठवणीनें ठेवलेले होते, तेही आणले. त्यानें पीठ झोळींत घेतलें. झग्यांकडे पाहिलें, आणि झोळीचें तोंड हातानें मिटलें.

"नगं माय," तो म्हणाला. "लेकराचं कापड नगं. पीठ घाल अजून मूठभर."